आधी गाडीचं गाव विचार

गाडी बघायला गेलास की "किती किलोमीटर झाली?" हा प्रश्न शेवटी ठेव. आधी विचार, ही गाडी आजवर राहिली कुठं. कुठल्या गावात, कुणाच्या दारात, कसल्या रस्त्यावर. आणि रेडिएटरमध्ये कसलं पाणी भरलं जायचं तेही. मीटर मागं फिरवणारा आता टपरीएवढ्या जागेत लॅपटॉप घेऊन बसतो. रंग मारता येतो, सीट कव्हरं नवी घालता येतात, इंजिन धुऊन वरून पॉलिश फवारलं की बघणारा भुलतो. पण ज्या मुलखात गाडी राहिली तिथली हवा, पाणी आणि रस्ता तिच्या अंगात मुरलेले असतात. ते नेमकं कुठं शोधायचं, एवढंच मी सांगणार आहे. मी काही मेकॅनिक नाही. भावकीत, ओळखीपाळखीत कुणी सेकंडहँड गाडी बघायला निघालं की "चला काका" म्हणून मला मागच्या सीटवर घालून नेतात, तेवढाच माझा अधिकार.

नंबर प्लेटपासून सुरुवात कर. एमएच-२५ म्हणजे आपला जिल्हा. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, पण नंबर तोच राहिला. म्हणून जुन्या आरसीवर उस्मानाबाद दिसलं तर बिचकू नकोस. २४ लातूर, २३ बीड, १३ सोलापूर. बार्शीची गाडीही १३ चीच. १२ पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, ०८ रत्नागिरी, ०९ कोल्हापूर, १० सांगली. उमरग्याकडं केए-३२ कलबुर्गीच्या आणि केए-३८ बिदरच्या गाड्याही विकायला येतात. नंबरावरून गाडी पहिल्यांदा नोंदली कुठं एवढंच कळतं. ती राहिली कुठं ते सर्व्हिसच्या पावत्या सांगतात. पुण्याचा नंबर आणि पावत्या सगळ्या कळंबच्या, असं असेल तर ती गाडी कळंबची समज.

आपल्याकडं बाजारात येणाऱ्या छोट्या गाड्या पुष्कळशा पुण्याहून येतात. एजंट सांगतो, "पुण्याच्या डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल ओनर." एजंटांच्या तोंडून मी ऐकलेल्या डॉक्टरांच्या गाड्या मोजल्या तर पुण्यात पेशंट उरायला नकोत. ते सोड. पुण्याची गाडी वाईट असते असं माझं म्हणणं नाही. वर्कशॉपमध्ये वेळेवर जाते, कुलंट भरलेलं असतं, पत्र्यालाही फारसा धक्का नसतो. तिची झीज मात्र वेगळ्या जागी असते. सिग्नलला पहिला-दुसरा, पहिला-दुसरा असं करत गाडी तासन् तास चालते आणि मीटरवर किलोमीटर थोडेच पडतात. म्हणून चाळीस हजार किलोमीटर ऐकून खूष होऊ नकोस. क्लच किती उरलाय ते बघ. सपाट जागी हँडब्रेक ओढून गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाक, थोडी रेस दे आणि क्लच हळूहळू सोड. इंजिन घरघरून बंद पडायला पाहिजे. इंजिन फिरत राहिलं आणि गाडी ढिम्म उभी राहिली, तर प्लेट गेली. हे एकदाच कर, परत परत नको. गाडी अजून दुसऱ्याची आहे. पेडल अगदी वर आल्यावरच क्लच पकडत असेल तरी खर्च जवळ आलेला असतो.

ऑटोमॅटिक गिअरची छोटी गाडी घ्यायचा मोह तुला होणार, कारण सूनबाईंना ती सोपी पडेल. २०१४ मध्ये सेलेरिओ आली तेव्हापासून या स्वस्तातल्या ऑटोमॅटिकचा सुळसुळाट झाला. आत क्लच नेहमीचाच असतो, फक्त तो पायाऐवजी मोटर दाबते. शहरात इंचाइंचानं सरकताना त्या क्लचची आणि त्या मोटरची, दोघांचीही झीज होते. मोटर गेली तर बिल क्लच प्लेटच्या कितीतरी पट येतं, आणि ते काम धाराशिवच्या प्रत्येक गॅरेजमध्ये होतंच असं नाही. अशी गाडी चढावर थांबवून पुन्हा उचलून बघ. दचके देत असेल, गिअर पडायला विचार करत असेल, तर सरळ नाही म्हण. माझं मत विचारशील तर आपल्याकडं जुनी घेताना हातानं टाकायचा गिअरच बरा.

कोकणातली किंवा मुंबईच्या किनाऱ्याकडची गाडी असेल तर वरचा पत्रा बघत बसू नकोस, खाली वाक. खारी हवा पत्र्याला कडेनं खाते. दाराची खालची कड, पायदानाच्या खालचा भाग, जॅक लावायची जागा, बॅटरीखालचा पाट, सायलेन्सर. पायाखालचं मॅटिंग उचलून बोटाच्या हाडानं जमीन वाजव. टणक आवाज यायला हवा. पोकळ, पापुद्रा सुटल्यासारखा आवाज आला तर ती गाडी देवदर्शनालाही घेऊ नकोस. गंज एकदा जमिनीत शिरला की वेल्डिंग करून चार महिने निघतात, बरा होत नाही.

पुराच्या गाड्या पूर्वी आपल्याकडं बाहेरूनच यायच्या. कोल्हापूर-सांगलीला २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी भरलं, महाड-चिपळूणला २०२१ च्या जुलैत. अशा महापुरांनंतर बुडालेल्या गाड्या विम्याच्या लिलावातून स्वस्तात उचलायच्या, धुऊन-पुसून लांबच्या जिल्ह्यात विकायच्या, हा एक धंदाच आहे. आपण लांबच्या जिल्ह्यात मोडायचो. मग २०२५ च्या सप्टेंबरात परंडा आणि भूममध्येच अतिवृष्टीनं थैमान घातलं, सीना नदीला पूर आला, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. तेव्हा इथली गाडी म्हणजे कोरडी गाडी, हे गृहीत धरायचे दिवस गेले. परंडा, भूम किंवा पलीकडं माढ्याकडची गाडी असेल तर त्या महिन्यात ती कुठं उभी होती हे सरळ विचार. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. पाण्यात गाडी गेली हा मालकाचा गुन्हा नाही, लपवणं मात्र आहे.

पाणी शिरलेली गाडी आपल्या उन्हाळ्यात पंधरा दिवस उभी केली की वास निघून जातो. म्हणून नाकावर भरवसा ठेवू नकोस. उलट गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर संशय घे. पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ. आतल्या टोकाला मातकट पट्टा दिसला तर पाणी तिथवर चढलं होतं. नव्या बेल्टचा खर्च सहसा कुणी करत नाही, म्हणून ही जागा खरं बोलते. सीट पुढं सरकवून तिच्या रुळावरचे नट-बोल्ट बघ. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघ. डॅशबोर्डखाली हात घालून फ्यूजच्या डब्याचं झाकण काढ. तिथं बारीक गाळ किंवा हिरवट गंज असला तर वायरिंग पुढं वर्ष-दोन वर्षं तुला छळणार.

आता आपल्या जिल्ह्यातल्या गाडीकडं ये. इथं मी जरा जास्त बोलणार, कारण तू बहुतेक इथलीच घेशील, आणि घरच्या ओळखीतली म्हणून न तपासता घेशील.

आपल्या गाड्यांचा पहिला वैरी बोअरचं पाणी. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तेच क्षार रेडिएटरमध्ये चढतात. कुलंट संपलं की बाटली विकत आणायचा कंटाळा, मग शेतातल्या बोअरवरून तांब्याभर पाणी आत. पुढच्या महिन्यात पुन्हा तांब्याभर. पाणी तापलं की त्यातले क्षार नळ्यांत बसतात, नळ्या बारीक होतात, गाडी तापायला लागते. साध्या पाण्यात गंज रोखणारं औषध नसतं, म्हणून अ‍ॅल्युमिनिअमचं हेडही आतून खात जातं. शेवटी एखाद्या मे महिन्यात, लग्नाचं वऱ्हाड घेऊन जाताना, हेड गॅस्केट उडते. तापलेली गाडी तशीच दामटली तर हेड वाकतं, आणि मग इंजिन उघडावं लागतं.

हे ओळखायचं कसं? गाडी रात्रभर थंड उभी असली पाहिजे. "सकाळी येतो, तोवर सुरू करू नका" असं आदल्या दिवशी सांग, आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. बॉनेट गरम लागलं तर मालकानं आधीच फिरवून आणली. काहीतरी झाकायचं होतं म्हणून. थंड असेल तर रेडिएटरचं झाकण उघड. गरम गाडीचं झाकण चुकूनही उघडू नकोस, चेहरा भाजेल. आत हिरवं, लाल किंवा निळं कुलंट दिसायला हवं. गढूळ तांबूस पाणी दिसलं, झाकणाच्या रबराला पांढरी खर लागली, तर बोअरच आहे. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा तेलाच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली तर पाणी आणि ऑइल एकमेकांत चाललंय असं धरून चाल आणि मेकॅनिकला दाखव. झाकण उघडं ठेवूनच इंजिन सुरू करायला लाव. एकसारखे बुडबुडे येत राहिले तर गॅस्केट फुटलेली आहे. गाडी तापायच्या आत झाकण परत लावायचं.

यावर आपल्याकडच्या गॅरेजांत दोन जुगाड चालतात, ते तुला माहीत असावेत. गाडी तापते म्हणून मेकॅनिक थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढूनच टाकतो. दुसरं, रेडिएटरचा पंखा डायरेक्ट करतो, म्हणजे चावी फिरवली की पंखा चालू. दोन्हींनी दुखणं दबतं, जात नाही. एसी बंद ठेव, थंड गाडीची चावी फिरव आणि पुढून ऐक. लगेच पंखा घरघरला तर डायरेक्ट केलेला आहे. मग गाडी सुरू करून उभी राहू दे. तापल्यावर पंखा आपोआप सुरू व्हायला हवा आणि थोड्या वेळानं आपोआप बंदही. हे बघायला पाऊण तास गेला तरी घालव. बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त दिवा असतो. तो लाल होईस्तोवर उशीर झालेला असतो. म्हणून मालकाला पंख्याबद्दल विचार. "पंखा कायम चालूच असतो, कंपनीचंच तसं आहे" असं तो म्हणाला की तू चहा पिऊन निघ.

दुसरा वैरी धूळ. रस्त्यालगत शेत असलेल्या गाडीचा एअर फिल्टर महिन्या-दोन महिन्यांत भरतो. तो झटकून परत घालतात, फाटला तरी घालतात. फिल्टरचा डबा उघडून फिल्टरच्या पलीकडची, इंजिनाकडची बाजू बोटानं पूस. तिथं माती लागली तर ती माती इंजिनानं ओढलेली आहे आणि पिस्टन-रिंगा घासल्यात. मग गाडी ऑइल पिते. सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो, तो सुरू करताना आणि उतारावरून येऊन पुन्हा रेस देताना नीट दिसतो. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढलं आणि आतून भकाभका वारा आला तर मेकॅनिक म्हणतो, बॅक कॉम्प्रेशन मारतेय. पहाटे सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघाली तर मात्र घाबरू नकोस, थंडीत ती निघतेच. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर पाणी जळतंय.

उंदरांचं कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी, कडब्याच्या गंजीला लागून उभी राहिलेली गाडी असेल तर बॉनेटखालच्या वायरी बघ. काळ्या टेपनं जागोजाग जोडलेल्या दिसल्या की उंदरांचा पाहुणचार झालेला आहे. जोड चांगले असतील तर चालेल, पण पावसाळ्यात गाडी मधेच बंद पडली की कारण शोधायला मेकॅनिकचे दोन दिवस जातील. चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा आणि एअरबॅगचा दिवा लागून विझले पाहिजेत. लागलेच नाहीत तर विक्रेत्यानं दिव्याचाच बंदोबस्त केलाय. गावात कुणाकडं स्कॅनर असेल तर तो लावून घे. मोबाइलला जोडायचा साधा यंत्रठोकळाही चालतो.

मग सस्पेन्शन. शेताच्या वाटा आणि न सांगता येणारे गतिरोधक, यांनी छोट्या गाडीचं पुढचं काम खिळखिळं होतं. खिडक्या खाली करून, रेडिओ बंद करून गतिरोधकावरून एक चाक आधी, एक नंतर असं तिरपं घे. पुढून कट्ट आवाज आला तर लोअर आर्मचे बुश किंवा शॉकअप. मोकळ्या जागी स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरव. कटकटकट असा आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेला. साठच्या पुढं घूं घूं वाढत गेलं तर चाकाचं बेअरिंग. जुन्या सँट्रोत आणि बऱ्याच वॅगन-आरमध्ये स्टीअरिंगमधूनच खटखट ऐकू येते. हे सगळे खर्च झेपणारे आहेत. गाडी नाकारायला ते पुरत नाहीत, भाव पाडायला पुरतात. गाडीखाली वाकून ऑइलचा चेंबर मात्र बघच. दगडावर आपटून चेपलेला किंवा लांबी भरून बुजवलेला असतो.

आपल्याकडं नवी गाडी घेतली की आधी तुळजापूर. तू इसार द्यायच्या आधीच तुळजापूरला जा, आणि दर्शन झाल्यावर सोलापूरच्या बाजूला घाट उतर. तामलवाडीच्या टोलनाक्याच्या अलीकडं वळून पुन्हा घाट चढ. दुपारी, एसी लावून, चार माणसं बसवून. धाराशिव शहरात चौकाला फेरी मारून जे कळत नाही ते या चढावर कळतं. रेस वाढते आणि वेग वाढत नाही, तर क्लच. वर येईस्तोवर एसी गरम वारा द्यायला लागला किंवा इंजिनाचा वास आला तर पुन्हा ते मघाचं रेडिएटर. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी झालीय. गाडी एका अंगाला ओढली तर ब्रेक किंवा अलाइनमेंट. एसीचं आणखी एक. उभ्या गाडीत थंड नाही आणि पळताना थंड, असं असेल तर बहुतेक पंख्याचा किंवा कंडेन्सर चोंदल्याचा दोष निघतो, तो स्वस्त. गॅस भरल्यावर महिन्यात उडतो असं मालक बोलून गेला तर डॅशबोर्ड खोलून आतली कॉइल बदलायची वेळ येऊ शकते, ते महाग.

ठोकलेली गाडी ओळखायला फारसं शहाणपण लागत नाही. उजेडात, सकाळी, गाडी कोरडी असताना बघ. धुतलेल्या ओल्या गाडीवर दोष दिसत नाहीत, म्हणून ते ती धुऊनच उभी करतात. दाराची रबरं ओढून आतल्या कडेचा पत्रा बघ. कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके एका अंतरावर असतात, पुन्हा जोडलेल्या जागी ते नसतात. दाराच्या आणि मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर ते उघडले गेलेत. फ्रिजवरचा लोहचुंबक रुमालात गुंडाळून फिरव, जाड पुट्टी असली की पकडत नाही. फक्त प्लॅस्टिकच्या बंपरवर लावून घाबरू नकोस. दार किंवा मडगार्ड बदललेलं चालेल. आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांच्या हंगामात खरचटल्याशिवाय गाडी राहत नाही. पण छताचे खांब, पुढचं चेसिस आणि रेडिएटर धरणारी आडवी पट्टी सरळ केलेली असेल, तर त्या गाडीत पोराबाळांना बसवायचं नाही. हे माझं ठाम आहे.

मीटरचं मघाशी राहिलं. स्टीअरिंग गुळगुळीत, पेडलचं रबर झिजून लोखंड दिसतंय, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलीय आणि मीटर म्हणतो तीस हजार, तर मीटर खोटा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१८ ची, मीटर वीस हजार, आणि टायर २०२३ चे कसे? एवढ्यात टायर झिजले कसे, असं विचार आणि गप्प राहा. बहुतेक कंपन्यांच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीच्या नंबरावर जुनी सर्व्हिस निघते, मालकाला बरोबर घेऊन गेलास तर दाखवतात.

कुठली गाडी, हे तू विचारशीलच. मारुती ८०० स्वस्तात मिळेल, पण तिचं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं. आता जी मिळेल ती म्हातारी. तिच्यात आणि जुन्या ७९६ सीसीच्या अल्टोत टायमिंग बेल्ट असतो; तो कधी बदलला याची पावती नसेल तर घेतल्याबरोबर बदल, तुटला तर गाडी जागेवर उभी राहते. के-१० च्या इंजिनात चेन असते. स्पार्क-बीटवाल्या शेव्हरोलेनं २०१७ अखेर देशातली विक्री थांबवली, डॅटसननं २०२२ मध्ये. या गाड्या किमतीत भुलवतात. आरसा फुटला तर लातूर-सोलापूरला शोधत फिरावं लागतं. त्या घेऊ नकोस. २०१९ च्या जुलैपासून बनलेल्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. दोन गाड्यांत ठरत नसेल तर त्या तारखेच्या अलीकडची घे. सीएनजी असेल तर आरसीवर इंधनात सीएनजी लिहिलेलं आहे का बघ, आणि टाकीची तीन वर्षांनी करायची चाचणी झाल्याची पाटी बघ. नसेल तर विमा कंपनी ऐनवेळी हात वर करू शकते. आणखी एक. २०२५ च्या २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाडीचा मालक अजून जुन्या हिशेबानं भाव सांगत असेल तर शोरूमचं नवं कोटेशन खिशात ठेवून बोलणी कर.

कागदांच्या बाबतीत तुला फार सांगायला नको, जमिनीचे व्यवहार तू केलेत. सातबाऱ्यावर बोजा बघतोस तसा आरसीवर बघ. बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि पस्तीस नंबरचा फॉर्म आधी, पैसे नंतर. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळव. परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून विमा, फिटनेस, बोजा, पूर्वी टॅक्सीच्या परमिटवर होती का, सगळं बघ; चलानं किती थकलीत तेही. राज्यात १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवणं सक्तीचं झालंय. मालकानं ती बसवलेली नसेल तर का नाही, ते विचार. कधी आळस असतो, कधी कागदात गडबड.

गावाकडं हमखास घडणारी गोष्ट म्हणजे गाडी वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, आणि विकतोय मुलगा. त्यानं आधी एकतीस नंबरच्या फॉर्मवर वारसानं आपल्या नावावर करून घ्यायची, मग तुला. मधला टप्पा गाळून "सगळ्या भावांच्या सह्या देतो" म्हणाला तरी ऐकू नकोस. कर्नाटकातून किंवा दिल्लीहून आलेली गाडी असेल तर एनओसी लागते, महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडं येतात. कर मिळवून हिशेब कर, मग स्वस्त आहे का बघ. पंधरा वर्षं भरत आलेली गाडी असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० ची ५००० रुपये झालीय, त्यावर पर्यावरण कर. हे पैसे किमतीतून वजा कर.

मालकी बदलायच्या एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर सह्या घेऊन फॉर्म खिशात ठेवून फिरणारे पुष्कळ आहेत. तसं करू नकोस. कायद्यानं विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत नावावर करायची असते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर घ्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, तो तुला मिळत नाही, म्हणून विम्याचा हप्ता वाढेल. मालक आरटीओत यायला टाळाटाळ करत असेल तर त्याला सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल सांग; नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात, गाडी पुढं कितीही हातांत गेलेली असो. हे ऐकल्यावर तो तुझ्या आधी रांगेत उभा राहील. फास्टॅग त्याचा त्याला बंद करायला लाव, नाहीतर तामलवाडीला पैसे त्याच्या खात्यातून कापले जातील आणि फोन तुला येईल.

पैसे देताना दुसरी चावी माग. "हरवली" म्हणाला तर सावध हो. हप्ते थकले म्हणून फायनान्सनं उचलून आणलेल्या गाड्यांबरोबर बहुतेक वेळा एकच चावी येते. गाडी खरी त्याचीच असेल आणि चावी खरंच हरवली असेल, तर चिपवाली नवी चावी करायचा खर्च विचारून तेवढे पैसे कापून घे. जॅक, पाना आणि स्टेपनी त्याच्यासमोर बाहेर काढून मोज, आणि ताबापावतीवर तारखेसोबत वेळही लिही. त्या वेळेच्या आधीचं चलान त्याचं, नंतरचं तुझं.